सुई बरोबर होती, शांताक्का

शांताक्का, तुम्ही गेलात हे मला हॉस्पिटलच्या जुन्या स्टाफच्या ग्रुपवर कळलं. मी धारवाडच्या घरी मेथी निवडत बसले होते. फोनवर एकामागून एक जोडलेले हात येत होते. मीही एक पाठवला. आणि मग, खरं सांगते, वाईट वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. त्या दुपारी नक्की काय झालं हे जाणणाऱ्या आपण दोघीच होतो, आता मी एकटीच उरले, असा विचार मनात येऊन गेला. क्षणभरच. पण आला. मेथी तशीच टाकून मी आत गेले आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिले. आपण किती खाली गेलोय हे माणसाला असं अचानक, भाजी निवडताना कळतं.

आज त्याला बारा दिवस झाले. या बारा दिवसांत मी काय केलं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण आधी नऊ वर्षं काय केलं नाही, ते सांगायला हवं.

मी हुबळीला कॅज्युअल्टीत रुजू झाले तेव्हा माझ्याकडे नवी पदवी होती, नवा स्टेथोस्कोप होता आणि वकिलाच्या घरात वाढलेल्या मुलीचा तोरा होता. तुम्ही तिथल्या सगळ्यांत जुन्या नर्स. सगळे तुम्हाला अक्का म्हणायचे, अगदी वयानं मोठे वॉर्डबॉयसुद्धा. पहिल्याच आठवड्यात एका कॉलेजच्या मुलाला मित्र उचलून घेऊन आले. डोळे लाल, छाती धडधडतेय, हातपाय कापताहेत, आणि "मी मरतोय, मी मरतोय" एवढंच बोलणं. गांजा ओढला होता. मी त्याला झापायला सुरुवात केली. तुम्ही मला हळूच बाजूला केलंत, त्याच्या डोक्यावरचा दिवा बंद केलात, त्याचा हात धरलात आणि कन्नडमध्ये म्हणालात, "तू मरत नाहीस. तीन-चार तासांत उतरतं. मी इथंच आहे." पोरगं हळूहळू शांत झालं. मग औषधांच्या खोलीत तुम्ही मला मराठीत म्हणालात, "अगं, जो बोलतोय त्याची मला भीती वाटत नाही. जो बोलत नाही त्याच्याकडं आधी जायचं."

सगळ्यांसमोर आपण कन्नड बोलायचो, तुम्ही मला 'मॅडम' म्हणायचात. त्या औषधांच्या खोलीत मात्र आपण दोघी मराठी. तुमचं मराठी बेळगावकडचं, माझं धारवाडचं, अर्धं कन्नड मिसळलेलं. मी 'अगं' व्हायचे. त्या खोलीत मी जे शिकले ते मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. म्हणजे पुस्तकात होतं सगळं, पण ते माणसावर कसं दिसतं ते तुम्ही दाखवलंत.

"मोदलु उसिरु, आमेले मातु," असं तुमचं वाक्य होतं. आधी श्वास, मग बोलणं. नशेतला माणूस आला की तुम्ही घड्याळाकडे बघत त्याच्या पोटावर हात ठेवायचात आणि पूर्ण एक मिनिट मोजायचात. मग बोटाला टोचून साखर, कारण साखर उतरलेला माणूसही दारुड्यासारखाच बरळतो. मग डोळ्यांच्या बाहुल्या. मग कातडी: घामानं निथळतोय की कोरडा ठणठणीत. एका बाईला लोकांनी 'अंगात आलंय' म्हणून आणलं होतं; ती हवेतले धागे वेचत होती, तोंड कोरडं, अंग तापलेलं, बाहुल्या मोठ्या. तुम्ही एका नजरेत म्हणालात, "धोतरा. कुणीतरी खायला घातलंय." आणि व्हाइटनर हुंगणाऱ्यांबद्दल तुम्ही बजावून ठेवलं होतंत की त्यांच्या मागं धावायचं नाही, त्यांना दचकवायचं नाही, त्यांचं हृदय जागच्या जागी बंद पडू शकतं.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सोबत आलेल्यांवर ओरडायचं नाही. "ओरडलीस की ते गोळीचं नाव सांगणार नाहीत. नाव नाही कळलं तर तू आंधळी."

आपलं एकाच गोष्टीवरून भांडण व्हायचं. मी केसपेपरवर 'मद्यपी' असं लिहून मोकळी व्हायचे. तुम्ही म्हणायचात, "दारूचा वास आला एवढंच लिही. वास म्हणजे निदान नव्हे. दारूच्या वासाखाली काहीही लपतं." मी म्हणायचे, "अक्का, शंभरात नव्वद वेळा दारूच असते." तुम्ही म्हणायचात, "मग त्या दहांचं काय करायचं?" या वादाचा शेवट आपण कधी केला नाही. तो मल्लप्पानं केला.

ती दुपार मला मिनिटामिनिटानं आठवते. साडेबाराच्या सुमाराला दोन हमालांनी मल्लप्पाला ऑटोतून आणलं. दुर्गदबैलाच्या बाजारात हातगाडी ओढायचा. चाळिशीचा असेल. तोंडाला दारूचा वास येत होता, हाक मारली तर ओ देत नव्हता. मी तीन नंबरच्या बेडपाशी होते. तिथं वडिलांच्या ओळखीचे एक निवृत्त अधिकारी छातीत जळजळ होते म्हणून आले होते, आणि मी त्यांच्या घरच्यांना दुसऱ्यांदा ईसीजी समजावून सांगत होते. मी लांबूनच म्हणाले, "दारू आहे. कोपऱ्यात कुशीवर झोपवा. उतरली की पाठवू."

दोन मिनिटांनी तुमचा आवाज आला. "मॅडम, सहा."

"काय सहा?"

"मिनिटाला सहा श्वास. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ओठ बघा निळे पडलेत. नुसती दारू नव्हे ही."

"आले," मी म्हणाले, आणि गेले नाही.

तुम्ही पुन्हा हाक मारलीत, जरा मोठ्यानं. अधिकाऱ्यांची बायको माझ्याकडे बघायला लागली. मी वळले आणि सगळ्या कॅज्युअल्टीला ऐकू जाईल असं म्हणाले, "अक्का, इल्लि डॉक्टर यारु?" इथं डॉक्टर कोण आहे?

 तोवर तुम्ही त्या हमालांपैकी एकाला हळूच विचारलं होतंत आणि त्यानं खिशातून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून दिलं होतं. पाठीच्या दुखण्याच्या जालीम गोळ्या. अफूच्याच जातीच्या. पोती वाहून पाठ गेलेली, बाजारात त्या चिठ्ठीशिवाय मिळतात, सकाळपासून सहा खाल्ल्या, वर दारू. तुम्ही त्याच्या तोंडावर मास्क दाबलात, पिशवीनं हवा द्यायला लागलात, शिकाऊ नर्सच्या हातात पिशवी दिलीत आणि इमर्जन्सी ट्रेमधलं त्यावरचं उलटं औषध, नॅलोक्सोन, भरून स्वतः दिलंत. मी पोचेपर्यंत मल्लप्पानं डोळे उघडले होते. त्यानं उलटी केली, आपल्याला दोन शिव्या दिल्या आणि उठून बसला. मेलेला माणूस तुम्ही चार मिनिटांत बसवला होतात.

सगळे बघत होते. मला तुमचे हात धरायला हवे होते. त्याऐवजी माझ्या कानशिलांत रक्त चढलं आणि मी म्हणाले, "कुणाच्या ऑर्डरनं दिलंत?"

"माझ्यावर नंतर रागवा," तुम्ही म्हणालात. "पण आता ह्याला सोडू नका. सुईचा असर तासाभरात जाईल. गोळ्या पोटात राहतील. परत झोपेल, परत श्वास मंदावेल. रात्रीपर्यंत तरी इथं नजरेखाली ठेवा."

मला हे माहीत होतं, अक्का. परीक्षेत मी ह्यावर उत्तर लिहिलं होतं. पण त्या क्षणी तुमचं म्हणणं मान्य करणं म्हणजे सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा हरणं वाटलं. मल्लप्पा तर जायलाच बघत होता. गाडी भर रस्त्यात सोडून आलोय, म्हणत होता. मी म्हणाले, "शुद्धीवर आहे, चालतोय, बोलतोय. जाऊ दे." आणि केसपेपरवर लिहिलं: बरे वाटल्याने घरी पाठवले. तुम्ही त्याच्या मागं फाटकापर्यंत गेलात. "यप्पा, थांब की रे, ऐक की," असं म्हणताना तुमचा आवाज मला खिडकीतून ऐकू येत होता.

पाच वाजता तेच दोघे हमाल त्याला परत घेऊन आले. तो घरी जाऊन बायकोला तोंड दाखवून बाजारात गेला होता आणि कापडाच्या गोदामामागं सावलीत आपल्याच गाडीवर आडवा झाला होता. झोपलाय असं सगळ्यांना वाटलं. घोरत होता म्हणाले. तेव्हा मला कळलं की तो घोरत नव्हता, श्वासासाठी झगडत होता. आपण दोघींनी आळीपाळीनं त्याची छाती दाबली. पाऊण तास. तुमच्या हातांच्या जागी माझे, माझ्या हातांच्या जागी तुमचे. तुम्ही एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीत. शेवटी मी मृत्यूची वेळ सांगितली आणि मागच्या दारानं निघून गेले. त्याची बायको पुढं बाकावर बसली होती.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. मला विचारलं, "इंजेक्शन द्यायच्या आधी सिस्टरनी तुमची परवानगी घेतली होती?" मी म्हणाले, "मला विचारलं नव्हतं." ते खरंच होतं. तुम्ही विचारलं नव्हतंत, सांगितलं होतंत, दोनदा. त्या दोन शब्दांच्या मधल्या फटीत मी अंग चोरून शिरले. घरी कुणी पाठवलं, यावर मी म्हणाले की पेशंट ऐकतच नव्हता. मग तुम्हाला विचारलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "सुई मी दिली. परत असा माणूस आला तर परत देईन." चौकशीच्या साहेबांना ते उद्धट वाटलं. तुमचं आडनाव कांबळे होतं आणि माझं कुळकर्णी. तुमच्यावर शंका घेणं त्या टेबलावर सोपं होतं आणि माझ्यावर घेणं अवघड. हे मला तेव्हाही दिसत होतं. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसले.

तुम्हाला मेमो मिळाला आणि चादरी-कपड्यांच्या खोलीत बदली. ज्या हातांनी श्वास मोजला, ते हात पुढं शेवटपर्यंत धुतलेल्या चादरी मोजत राहिले. 'नर्सच्या सुईनं माणूस गेला' असं हॉस्पिटलात बोललं जायला लागलं, मग बाहेरही. असं कुठल्या कागदावर लिहिलं नव्हतं. मी ते खोडूनही काढलं नाही.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी मराठी बोलला नाहीत. राग नाही, अबोला नाही. जिन्यात भेटलात की, "आराम इद्दिरेन्री, मॅडम?" बऱ्या आहात ना? मी मराठीत उत्तर द्यायचे, तुम्ही कन्नडमध्ये पुढं बोलायचात. मला त्यापेक्षा थोबाडीत चालली असती.

मी पुढं शिकले, मोठी झाले. आता इंटर्न मुलामुलींना शिकवते. अक्का, मी तुमचंच शिकवते. पोटावर हात, पूर्ण एक मिनिट. साखर, बाहुल्या, कातडी, खिसे. सोबतच्यांवर ओरडायचं नाही. शुद्धीवर आलेला माणूस बरा झालेला नसतो, त्याला जाऊ द्यायचं नाही. हे शेवटचं सांगताना माझा आवाज बदलतो असं मुलं म्हणतात. एकीनं विचारलं, "मॅडम, हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हणाले, "अनुभवातून येतं." कुणाच्या, ते सांगितलं नाही.

मागच्या वर्षी एका हॉस्टेलमधून एक मुलगी आली. दात घट्ट आवळलेले, बाहुल्या मोठ्या, अंगातून वाफा निघाव्यात असा ताप, कुणालाच आवरत नव्हती. पार्टीत कसलीशी गोळी घेतली होती. इंटर्न म्हणाले, हिस्टेरिया आहे, बांधून ठेवूया. मला तुमचा आवाज ऐकू आला: बांधलंत तर अजून झगडेल, अजून तापेल. झोपेचं औषध दिलं, बर्फ लावला, सलाइन चालू केलं. मुलगी वाचली. तिची आई माझ्या पायाशी वाकली आणि मी अशी मागं सरकले की ती बिचारी गोंधळून गेली. त्या नमस्कारावर माझा हक्क नव्हता. तुम्ही तेव्हा उणकलमध्ये तुमच्या घरी होतात, अर्ध्या तासाच्या अंतरावर. मी आले नाही.

एकदा तर तुम्ही समोरच होतात. दोन वर्षांपूर्वी, एका रविवारी सकाळी, केलगेरीच्या तळ्याकाठी. नातीला बदकं दाखवत होतात. मी शेजारी बसले. तुमच्या गुडघ्यांबद्दल बोललो, माझ्या आईच्या डोळ्यांबद्दल बोललो. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. तेवढ्यात तुम्ही पाण्याकडे बघत कन्नडमध्ये विचारलंत, "मल्लप्पाची बायको कधी आली होती काय तुमच्याकडं?"

"नाही," मी म्हणाले.

"मी जाते अधूनमधून," तुम्ही म्हणालात, आणि नातीला हाक मारून उठलात. तुम्ही मला दार उघडून दिलं होतंत. मी चप्पल घालून घरी गेले.

तुमच्या मागं आठव्या दिवशी मी उणकलला गेले. तुमच्या लेकीनं, सुजातानं दार उघडलं. शाळेत शिकवते ना ती, तशीच सरळ नजर. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोंशेजारी तुमचा फोटो होता, नर्सच्या गणवेशातला. मी बसले आणि सगळं सांगितलं. काही वगळलं नाही.  माझं झाल्यावर सुजाता म्हणाली, "आई आम्हाला म्हणाली होती, गुडघे दुखतात म्हणून मीच लिनेनमध्ये बदली मागून घेतली."

मला हे माहीत नव्हतं, अक्का. तुम्ही ते घरात आणलंच नव्हतंत. मी आणलं, तुम्ही गेल्यावर, तुमच्या फोटोसमोर.

"आईला का नाही सांगितलंत हे?" सुजातानं विचारलं.

"धीर झाला नाही."

"आणि मला सांगायला झाला. तुमचं हलकं झालं. आता हे मी कुठं ठेवू?"

 मग तिनं कागद आणि पेन आणून माझ्यापुढं ठेवलं. "लिहा. कन्नडमध्ये लिहा, ऑफिसात मराठी कोण वाचतं? तारीख घाला, सही करा." मी लिहिलं. दोनदा सांगितलं असतानाही मी गेले नाही, इंजेक्शन योग्य होतं, घरी पाठवायचा निर्णय माझा होता, तेही सिस्टरनी स्पष्ट विरोध केल्यावर. तिनं वाचलं, एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "'चूक झाली' नको. 'चूक केली' लिहा." मी खोडून लिहिलं. त्याच्या प्रती दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात आणि जिथं द्यायच्या तिथं दिल्या. त्याचं जे व्हायचं ते होईल.

निघताना तिनं विचारलं, "आणि त्या माणसाच्या बायकोला?"

"जाणार आहे."

"मी येते. आईबरोबर एकदा गेले होते, घर माहीत आहे. का जाते ते मला तिनं कधी सांगितलं नाही. आणि तुम्हाला एकटीला सोडलं तर तुम्ही वाटेतनं परताल."

काल गेलो. दुर्गदबैलाच्या मागच्या बोळात एका खोलीत नीलव्वा राहते. फाटकी पोती शिवत बसली होती. सुजाताला बघून तिनं शिवण बाजूला ठेवली. तुम्ही गेल्याचं तिला कळलं नव्हतं, ते सुजातानं सांगितलं. मग मी उभ्या उभ्या माझं सांगितलं, कन्नडमध्ये, मधले मधले शब्द सापडत नव्हते तरी. सुईनं तुमचा नवरा वाचला होता. मी त्याला पाठवलं म्हणून गेला.

 मग माझ्याकडे न बघता नीलव्वा सुजाताला म्हणाली, "तुझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला तांब्या फेकून मारला. इथं लागला." तिनं भुवईच्या वर बोट ठेवलं. सुजाता हलली नाही. "रक्त आलं. पदरानं पुसलं आणि गेली. पुढच्या महिन्यात परत आली. मी विचारलं, तूच दिलीस ना ती सुई? होय म्हणाली. मग कशाला येतीस? तर म्हणाली, फाटकाशी त्याचा हात माझ्या हातात होता, मी सोडायला नको होता."

मग ती माझ्याकडे वळली. दारात मला 'नीवु', म्हणजे तुम्ही, म्हणाली होती; आता 'नी', तू, म्हणाली. "तुझं नाव तिनं कधीच काढलं नाही."

मला बस म्हणाली नाही. सुजाता तिच्याशेजारी जमिनीवर बसली, आणि त्या दोघी तुमच्यासाठी रडल्या. मी दाराशी उभी होते. मला रडायचा अधिकार नव्हता, आणि निघून जायचाही नव्हता.

डोळे पुसून झाल्यावर नीलव्वानं विचारलं, "तू डॉक्टर आहेस ना? एक सांग. मरताना त्याला कळलं असंल काय? लई त्रास झाला असंल?"

"नाही," मी म्हणाले. "गाढ झोप लागते. श्वास हळूहळू कमी होतो. त्याला काही कळलं नसणार."

तिनं मान हलवली. पोतं मांडीवर ओढलं, सुईत दोरा ओवताना दोनदा चुकली, तिसऱ्यांदा ओवला.

"ती पण हेच म्हणाली होती," ती म्हणाली. "तेव्हा मी विश्वास ठेवला नाही."